सहाव्या पानावरचं पहिलं दूध

औरंगाबाद
१२ ऑक्टोबर १९८६

चि. मनकर्णास,

सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. तू आत्याला विसरलीस असं मी म्हणणार नाही. शेजारच्या बाई मात्र दोनदा म्हणाल्या, आणि मला त्यांना खोटं पाडता आलं नाही.

सोबत जाड पाकीट आहे, पण खाऊ समजून हरखू नकोस. माझं पुस्तक आहे, म्हणजे त्याची कच्ची छपाई. 'नवजात बालक आणि प्रसूता: परिचारिकांसाठी मार्गदर्शिका'. चार वर्षं या पुस्तकापायी डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला. तुझ्यासारख्या खेड्यात एकट्या राहणाऱ्या नर्सबाईला अडलं तर उघडून बघायला मराठीत काही नाही, आणि इंग्रजी पुस्तकं मोठ्या दवाखान्यांच्या कपाटात कुलूपबंद. म्हणून हा खटाटोप. मे महिन्यात मी निवृत्त होते. त्याआधी हे पुस्तक हातात पडावं एवढी एकच इच्छा उरली आहे. जानेवारीत समिती बसेल. समितीत पाच डॉक्टर आणि सहावी मी, म्हणजे कुणाचं किती चालेल ते तू ओळख.

तुझ्यासाठी काम आहे ते सहाव्या पानावर. आपल्याकडे बाळंतिणीचं पहिल्या तीन दिवसांचं घट्ट पिवळं दूध पिळून टाकतात आणि लेकराला गुळाचं पाणी चाटवतात. रोगाशी लढायची ताकद असते ती नेमकी त्या टाकून दिलेल्या दुधात. म्हणून मी लिहिलं आहे, 'प्रथम स्तन्य, म्हणजेच पहिले दूध, बाळास जन्मताच द्यावे.' आधी 'आईच्या अंगावरचे पहिले दूध' असं लिहिलं होतं. मग 'आईच्या अंगावरचे' हे शब्द मीच खोडले. समितीत पुरुषमाणसं, तिथं मोठ्यानं वाचायचं, बरं दिसत नाही.

हे पान गावातल्या बायांना वाचून दाखव. बाळंतपण झालं की विचार, 'पहिलं दूध दिलं का?' हो की नाही, एवढं लिहून मला कळव. आणि माझी भाची आहेस म्हणून गोड बोलू नकोस. खरं काय ते लिही.

तुझी,
केशर आत्या

•

उंबरटाकळी, वडवणीमार्गे
९ नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,

मनकर्णाचा सप्रेम जयभीम.

शेजारच्या बाईंना सांग, मनकर्णा जिवंत आहे, फक्त धुळीनं ओळखू येत नाही. यंदा इकडे पावसानं तोंडच दाखवलं नाही. विहिरींचे तळ दिसतात. टँकर एक दिवसाआड येतो, आणि तो आला की माझ्या केंद्रातल्या बाया तपासणी अर्धी टाकून घागरी घेऊन पळतात. परवा एकीचं पोट तपासत होते, ती म्हणाली, "सिस्टर, लेकरू कुठं पळून चाललंय? पाणी चाललंय." मग मीच तिची दुसरी घागर धरून उभी राहिले.

गावात जीव आहे तो दूध सोसायटीमुळे. शेतात काही नाही, पण ज्याच्या दारात एखादी गाय आटायची राहिली आहे तो सकाळी किटली घेऊन डेअरीत हजर. सेक्रेटरी शहादेव वही उघडून बसलेला असतो. सगळ्या घरच्या बाया तासभर एका जागी सापडतात, म्हणून तुझं सहावं पान मी तिथंच वाचलं. 'प्रथम स्तन्य' आलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. 'पहिले दूध' आलं तशा माना डोलल्या. "आसं का! पहिलं दूध व्हय! मग देऊ की."

आणि दिलं! महिन्यात चार बाळंतपणं झाली. चारही घरी जाऊन विचारलं, चारही घरी हो. बायनाबाईंकडेसुद्धा. बायनाबाई म्हणजे सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या आई. साठीच्या आहेत, आवाज असा की वेशीबाहेरची गाय वळून बघते. त्यांच्या घरी मला अजून ओट्यावरच बसवतात आणि माझा कप कोनाड्यात वेगळा असतो. चहा मात्र आलं घालून फक्कड देतात. त्यांची सून सत्यभामा दोन तारखेला बाळंत झाली. मुलगा. हिची आधीची दोन लेकरं महिन्याच्या आत गेलेली, त्यामुळे घर या लेकराभोवती श्वास रोखून बसलं आहे. मी विचारलं, "पहिलं दूध दिलं का?" बायनाबाई म्हणाल्या, "दिलं का म्हणून काय इचारायलीस, सिस्टर? रोज पहिलं दूध लेकराला, मग डेअरीला!"

चारपैकी चार, आत्या. तुझं पान पास झालं.

तुझी,
मनकर्णा

•

औरंगाबाद
२० नोव्हेंबर १९८६

चि. मनकर्णास,

आशीर्वाद.

पोरी, तू मला पेढा खायला लावलास. साखरेचं पथ्य सांगणाऱ्या डॉक्टरसमोर खाल्ला.

कालच समितीची छोटी बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, 'केशरबाई, खेड्यातल्या बाया तीन दिवसांची चाल एका पानानं सोडतील?' मी तुझं पत्र पर्समधून काढलं आणि मोठ्यानं वाचलं. 'पहिलं दूध लेकराला, मग डेअरीला' या वाक्याला ते हसले आणि म्हणाले, वा, काय माउली आहे! त्यांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. चारपैकी चार हा आकडा प्रस्तावनेत घालायचं ठरलं आहे.

तेव्हा आता सहाव्या पानाच्या काना-मात्रेलाही हात लावायचा नाही. बाकी पानांवर काय चिमटे काढायचे ते काढ.

बायनाबाईंना माझा नमस्कार सांग. आणि त्या लेकराचं वजन कळव.

तुझी,
केशर आत्या

•

उंबरटाकळी
१७ डिसेंबर १९८६

ती. आत्यास,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. पेढ्याचं वाक्य वाचलं की पेन खाली ठेवायचे.

आत्या, चारपैकी शून्य.

चौदा नोव्हेंबरला सकाळी सत्यभामाकडे गेले. लेकरू बारा दिवसांचं. आधी रडण्यानं घर दणाणायचं, त्या दिवशी नुसतं कण्हत होतं. टाळू आत गेलेली, आदल्या दिवसापासून जुलाब. मी म्हटलं, "अंगावर पितंय का?" सत्यभामा खाली बघून म्हणाली, "जरा जरा पितंय. पण मला येतच न्हाई लई." तेवढ्यात बायनाबाई वाटी घेऊन आल्या. वाटीत कंधारी गाईचं दूध, पहाटे काढलेलं, पहिल्या धारेचं. म्हणाल्या, "रोज पहिलं दूध ह्येच्यासाठीच काढून ठिवते, सिस्टर. तूच कागद वाचलतास ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डेअरीच्या गावात पहिलं दूध म्हणजे सकाळच्या पहिल्या धारेचं. तुझ्या पानातून 'आईच्या अंगावरचे' गेलं, आणि मीही एकदासुद्धा 'कुणाचं' असं विचारलं नाही. त्या माउलीनं दुष्काळात, गाय निम्म्यावर आली असताना, सोसायटीचं माप कमी भरून नातवाला रोज पहिलं दूध दिलं. आणि त्या दुधानंच तो आजारी पडला.

दुधाची गाडी निघायच्या बेतात होती. शहादेवनं चार कॅन खाली उतरवले आणि आम्हाला जागा केली. मी, सत्यभामा आणि बायनाबाई कॅनच्या मध्ये गच्च बसून वडवणीला आणि तिथून बीडला गेलो. लेकरू सत्यभामाच्या उघड्या छातीशी बांधलं, वरून माझी शाल. वाटेत बायनाबाई माझा हात धरून होत्या, आणि तो सोडायचं बीडपर्यंत त्यांना सुचलं नाही.

लेकरू वाचलं, आत्या. आठ दिवस दवाखान्यात होतं. दर दीड तासानं अंगावर धरायचं, वाटी बंद. सत्यभामाला पाचव्या दिवशी पान्हा असा आला की ती रडायलाच लागली. आता दीड महिन्याचं झालं, वजन साडेतीन किलो, तू विचारलं होतंस म्हणून लिहिते.

बाकीच्या तिघींकडे परत गेले. यावेळी नीट विचारलं. दोघींनी शेळीचं पहिल्या धारेचं चमचाभर दिलं होतं, एकीनं डेअरीतून पहिला नंबर लावून आणलेलं. आईचं कुणीच दिलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, अंगावरचं पहिलं दूध! तर म्हणाल्या, "अंगावर दूध तिसऱ्या दिसानंतर येतं. आधी येतो तो चीक."

तर शब्द तो आहे, आत्या. चीक. गाय व्याल्यावर निघतो तोच शब्द. पुस्तकात 'पहिले दूध' ठेवू नकोस, 'आईचा चीक' असं लिही. मला रागे भर, पण लिही.

तुझी,
मनकर्णा

•

औरंगाबाद
२४ डिसेंबर १९८६

मनकर्णास,

लेकरू वाचलं हे तू पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंस. घाईनं पान उलटताना त्याचा कोपरा फाटला. पुन्हा कधी असं पत्र लिहायची वेळ आली तर ते पहिल्या ओळीत लिही.

चूक माझी. 'आईच्या अंगावरचे' मी खोडलं. माझ्या लाजेपायी एक लेकरू दवाखान्यात गेलं, हे मी विसरणार नाही. अध्यक्षांना पत्र टाकलं, आकडा मागे घेतला. त्यांचं उत्तर आलं की मग आता हे पानच गाळू, वाद नको. पान गाळलं तर पुस्तकाला अर्थ काय? बाकी पुस्तकातलं सगळं ज्ञान बाळ जगल्यावर उपयोगाचं. अठरा जानेवारीला अखेरची बैठक आहे.

पण चीक हा शब्द मी लिहिणार नाही.

तुला हे कधी सांगितलं नाही. मी एकावन्न साली पुण्याला ट्रेनिंगला गेले, धर्मापुरीहून, एक ट्रंक आणि दोन लुगडी घेऊन. पहिल्याच आठवड्यात मेट्रननं काही काम सांगितलं आणि 'का?' म्हणायच्या ऐवजी मी गावच्यासारखं विचारलं, "कावून?" सबंध वॉर्ड हसला. त्या दिवसापासून तीन वर्षं माझं नाव कावूनबाई. जेवणाच्या रांगेत कावूनबाई, प्रसूतिगृहात कावूनबाई. मुली मुद्दाम माझ्यासमोर 'हाय' आणि 'न्हाई' करायच्या. मी रात्रंदिवस शब्दकोश पाठ केला, जिभेवरून गावाचा एकेक शब्द खरवडून काढला. शेवटच्या परीक्षेत मी पहिली आले तेव्हा कुठे लोक मला केशरबाई म्हणायला लागले.

आणि आता निवृत्तीच्या उंबऱ्यावर मी बाळंतिणीसाठी गाईचा शब्द छापू? आपल्या माणसांना जनावराच्या बरोबरीनं मोजणारं जग मी पाहिलंय. माझ्या पुस्तकात बाईला गाईच्या रांगेत उभी करणार नाही. दुसरा शब्द शोध.

केशर आत्या

•

उंबरटाकळी
९ जानेवारी १९८७

ती. आत्यास,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र केंद्राच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं. मला इंग्रजी पाचवीत 'नीट बोल, पूर्ण बोल' म्हणून का टोकायचीस, ते आज कळलं. मी तुझ्याशी वाद घालत नाही. डेअरीत परवा जे झालं ते जसंच्या तसं सांगते, मग तू ठरव.

मी दुसरा शब्द शोधला, आत्या, खरंच. 'पिवळं दूध' म्हटलं तर कावीळ झालेल्या बाईचं समजल्या. 'घट्ट दूध' म्हटलं तर सायीचं. शेवटी रांगेत मीच म्हटलं, "आईचा चीक लेकराला पाजा." तर रुक्मिणीबाई किटली आपटून म्हणाल्या, "चीक? डेअरी तरी घेती का चीक? गाय व्याली की आठ दिस दूध आणायचं न्हाई, आसं शहादेवनं फळ्यावर लिवलंय. तापवलं की नासतं. जे डेअरीनं नाकारलं ते लेकराला घालू?"

रांगेतल्या बायांनी माना डोलावल्या. आजवर मला वाटायचं की ही जुनी चाल आहे. तिला सोसायटीच्या फळ्याचा आधार मिळालाय हे मला ठाऊकच नव्हतं.

बायनाबाई रांगेत मागं होत्या. दवाखान्यातून आल्यापासून गप्पच असायच्या. पुढं आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "शहादेव, तू चीक कावून घेत न्हाईस?"

शहादेव म्हणाला, "आजी, नासतो ना."

"तुझ्या कॅनात नासतो. वासराच्या पोटात नासतो का?"

"न्हाई."

"वासराला चीक न्हाई भेटला तर?"

"मरतं की. न्हाईतर रोडावतं."

मग बायनाबाई वळल्या आणि त्यांचा तो आवाज लागला. "ऐकलं का गं? डेअरी चीक घेत न्हाई, कारण त्यो डेअरीचा न्हाईच. वासराचा हाय! वासराचं आपण टाकत न्हाई, आन लेकराचं पिळून उकिरड्यावर टाकतो. मी दोन नातवंडांचं टाकलं. माझ्या हातानं." एवढं बोलून त्या फळ्याला टेकल्या. रुक्मिणीबाईंनी त्यांना धरून बसवलं.

शहादेवनं खडू घेतला आणि फळ्यावर 'चिकाचे दूध घेतले जाणार नाही' याच्या खाली लिहिलं, 'ते वासराचं आहे.'

बायनाबाईंची लेक अंजना कड्याहून बाळंतपणाला आली आहे. तिचे दिवस याच महिन्यात भरतात. बायनाबाईंना मी तुझी अडचण सांगितली. तुझं नाव घेऊन, पुण्याच्या गोष्टीसकट सांगितली, रागावू नकोस. त्या म्हणाल्या, मला त्या बाईंशी बोलायचंय. सोबतचा कागद शहादेवच्या अक्षरात आहे, शब्द सगळे त्यांचे.

तुझी,
मनकर्णा

•

उंबरटाकळी, ९ जानेवारी

केशरबाईंना बायनाबाईचा रामराम. तुमच्यात जयभीम म्हणतात आसं सिस्टर सांगती, तर जयभीम.

मी शिकलेली न्हाई. शहादेव लिवायलाय, त्याला म्हणलंय, एक अक्षर सुधारलंस तर दूध दुसऱ्या गावच्या डेअरीला घालीन.

सिस्टर म्हणली, चूक माझी झाली. तुमी लिवलं, चूक माझी झाली. घरात लेक म्हणला, आईची चूक झाली. मी सांगते. कागदात सांगितलं तेच मी केलं. पहिलं दूध द्या म्हणले, मी दिलं. दुष्काळात दिलं. मग चूक कुणाची? चूक शब्दाची हाय. तवा मला नावं ठिऊ नका, सिस्टरला न्हाई, आन सोताला बी न्हाई. त्यो शब्द बदला म्हंजे झालं.

तुमी म्हणता, चीक गाईचा शब्द हाय, बाईला लावू न्हाई. बाई, मी गाय पाळते. व्यालेल्या गाईपाशी मी रातभर बसते, तिला गुळपाणी देते, तिच्या वासराचा चीक कुणाला हात लावू देत न्हाई. माझ्या सुनंला तेवढं सुदिक भेटलं न्हाई. तिचं पिळून टाकलं. बाईला गाईच्या बराबर केलं आसतं तर माझी दोन नातवंडं आज अंगणात खेळली आसती.

तुमाला पुण्यात लोक हसले, ते सिस्टरनं सांगितलं. हसणारे काय, हसून घरी गेले. तुमी का म्हणून आजून रांगेत उभ्या?

पुस्तकात माझी गोष्ट घाला. माझं नाव घाला. ज्येनं ऐकलं त्येचं लेकरू वाचू द्या.

बायनाबाई. (अंगठा)

•

औरंगाबाद
२२ जानेवारी १९८७

चि. मनकर्णास,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

आधी महत्त्वाचं, तुला शिकवलं तसं पहिल्या ओळीत. पान राहिलं.

आता सविस्तर. बायनाबाईंचा कागद मी तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, की माझ्या घरची गोष्ट गावात गेली. दुसऱ्यांदा वाचताना त्या रांगेच्या वाक्यापाशी चष्मा पुसावा लागला. तिसऱ्यांदा वाचायच्या आधी मी सहावं पान टेबलावर घेतलं होतं.

अठराला बैठकीत मी नवीन पान वाचलं. 'जन्मल्यापासून तासाभरात बाळाला आईच्या अंगावरचा चीक पाजावा.' सगळं वाचलं, मोठ्यानं, 'अंगावरचा'सुद्धा. कुणीही बेशुद्ध पडलं नाही. मग त्याखाली गोष्ट वाचली, एका गावातल्या आजीची. मग एक तरुण डॉक्टर, चांगला मुलगा आहे, पण भारी इस्त्रीचा, तो म्हणाला, "मॅडम, बाकी ठीक. चीक हा शब्द काढा."

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"कावून?"

मनकर्णा, छत्तीस वर्षांनी. मी खरवडून टाकला होता तो शब्द आत कुठे बसून होता कोण जाणे. मला वाटलं आता हसतील. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. कुणी हसलं नाही. तो मुलगा उत्तर द्यायला लागला. शिष्टसंमत म्हणाला, पारिभाषिक म्हणाला, आणि मग थांबला. त्याला 'कावून'चं उत्तर सापडेना. अध्यक्ष परळीकडचे निघाले. इतकी वर्षं मलाही ठाऊक नव्हतं, त्यांनीही आपली बोली घरीच ठेवलेली. ते म्हणाले, "बराबर हाय, राहू द्या चीक." आणि मग मात्र सगळे हसले, मीसुद्धा.

एक गोष्ट जमली नाही. रुग्णाच्या घरचं नाव छापायचं नाही असा नियम आहे, आणि नियम योग्य आहे. बायनाबाईंना सांग, मी भांडले, पण तिथं हरले.

प्रश्नही बदलला आहे. 'दूध दिलं का?' असं परिचारिकेनं विचारायचं नाही, ही सूचना ठळक अक्षरात. 'लेकराच्या पोटात पहिलं काय गेलं, कुणाचं गेलं, कुणी दिलं?' असं विचारायचं आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. हे तुझ्याकडून शिकले.

अंजनाचं कळव. तार केलीस तरी चालेल.

तुझी,
कावूनबाई

•

उंबरटाकळी
१४ जून १९८७

ती. आत्यास,

मनकर्णाचा सप्रेम जयभीम.

पार्सल मिळालं. पोस्टमननं स्वतः आणून दिलं आणि उघडेपर्यंत हलला नाही. निळं कव्हर छान दिसतं. शेवटी 'लेखिका: केशरबाई' असं वाचलं आणि मी त्यालाच पेढा दिला.

निवृत्तीच्या दिवशी मला येता आलं नाही, त्याची रुखरुख आहे. त्या दिवशी इकडे दोन बाळंतपणं होती. दोघींनी तासाभरात पाजलं. तुला याहून चांगला हार मी घातला नसता, असं मनाशी म्हणाले.

अंजनाची मुलगी साडेचार महिन्यांची झाली. तारेत 'चीक दिला' एवढंच लिहिलं होतं. पोस्टातल्या बाबूनं दोनदा विचारलं, गाय कुणाची? सत्यभामाचा मुलगा आता पालथा पडतो, सरपटत ओट्याच्या कडेपर्यंत येतो, आणि त्याला धरायला दिवसभर एक माणूस लागतं. पाऊस अजून नाही. आभाळ भरून येतं आणि जातं. टँकर आहे, डेअरीत रांग आहे, फळ्यावरचं वाक्य शहादेवनं आता तैलरंगात लिहून घेतलंय.

पुस्तक घेऊन बायनाबाईंकडे गेले. सवयीनं ओट्यावर बसायला लागले तर त्या आतून ओरडल्या, "तितं कावून बसायलीस? आत ये की." चुलीपुढं पाट टाकला होता. चहा आला, तो घरच्या कपात. मी एक घोट घेतला आणि पुस्तक उघडलं.

सहावं पान वाचलं. तू लिहिलेली ती शेवटची ओळ आली, 'या आजीची यात चूक नव्हती. चूक आमच्या शब्दाची होती.' बायनाबाई म्हणाल्या, "परत वाच." परत वाचलं. "आणिक एकदा." तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा सत्यभामा दाराशी येऊन उभी होती, पदर तोंडाला लावून.

मग बायनाबाईंनी विचारलं, "आन माझं नाव?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं, आणि समासात तुझं अक्षर दिसलं. त्या एका प्रतीत, शाईनं, बारीक. वाचण्याच्या नादात मला दिसलंच नव्हतं. 'या आजींचं नाव बायनाबाई. गाव उंबरटाकळी. यांनी मला रांगेतून बाहेर काढलं. कावूनबाई.'

मी ते वाचून दाखवलं. त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, पुस्तक पुढं ओढलं आणि विचारलं, "कुठाय? ह्ये का?"

मी म्हटलं, "हे."

त्यांनी नातवाचं बोट धरलं आणि त्या नावावर ठेवलं.

तुझी,
मनकर्णा